जावक झाली, पोच नाही

महसूल खात्याच्या दप्तरात उमेदवारीपासून अव्वल कारकुनीपर्यंत ज्याची हयात गेली, त्या माणसाच्या मनात जगातील यच्चयावत व्यवहार दोनच वह्यांत मावतात अशी एक श्रद्धा रुजलेली असते. कागद गेला तर त्याची जावक होते, आला तर आवक. आणि या दोहोंच्या मधल्या पोकळीत त्या कागदाचे जे काही बरेवाईट होते, त्याचा जाब त्यास कोणी विचारीत नाही. सेवानिवृत्त होऊन मंठ्यास राहावयास आलो तेव्हा हीच श्रद्धा मी बरोबर आणली होती, आणि ती आमच्या घराच्या ओसरीवर, माझ्या पुतण्याच्या हातून, दोन बोटे रुंदीच्या एका बिनतारी यंत्राने धुळीस मिळविली.

प्रकरणाची पार्श्वभूमी अशी. मंठा-लोणार रस्त्याच्या बाजूस आमचे शिवार आहे, आणि विहीर घरापासून सरळ रेषेत सुमारे दीड किलोमीटरवर आहे. शेतीची थ्री-फेज वीज एका आठवड्यात दिवसा तर दुसऱ्यात रात्री येते. कागदावर ती आठ तास असते, आणि ती नेमकी कोणत्या क्षणी अवतीर्ण होईल हे ज्योतिषशास्त्राच्याही अधिकारकक्षेबाहेरचे आहे. "अहो, वीज आलेली कळायला यंत्र कशाला? देवघरातला बल्ब लागतोच की," असा आमच्या सौभाग्यवतींचा सवाल होता, परंतु गावठाणाचे फीडर निराळे आणि शेतीचे निराळे, त्यामुळे देवघर प्रकाशमान असताना विहिरीवर अंधार, किंवा क्वचित याच्या उलट, ही नित्याची स्थिती. विहिरीवर ऑटो-स्विच बसवून निश्चिंत झोपणारे शेतकरी आमच्याकडे पुष्कळ आहेत; पण वीज येताक्षणी सर्वांच्या मोटारी एकाच झटक्याने उठतात आणि मग डीपी जळते, आणि ती बदलून मिळेपर्यंत सर्वांनाच निश्चिंत झोपता येते. म्हणून पुतण्याने असा मनसुबा रचला की, विहिरीवर वीज आली किंवा मोटार चालू-बंद झाली की तेथील यंत्राने घरच्या यंत्रास निरोप धाडावा.

माझा पहिला प्रश्न, खात्याच्या संस्कारास अनुसरून, परवान्याचा होता. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र अधिनियमान्वये परवान्याखेरीज असले यंत्र नुसते जवळ बाळगणे हाही गुन्हा असे, आणि साधा रेडिओ ऐकण्यासाठी टपालकचेरीत दरसाल परवाना-फी भरलेली माझ्या पिढीस चांगली स्मरते. पुतण्याने मोबाइलवर नियम काढून दाखविले: २००५ साली २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आणि ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा अल्पशक्तीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त झाला आहे. सरकारने काही मोकळे सोडले आहे, ही गोष्ट पचनी पडण्यास मला थोडा अवधी लागला.

यंत्रसामग्री दोन प्रकारची होती. एक आर्डुइनो नावाचा बोर्ड. तो २००५ साली इटलीतील इव्हरेया गावी जन्मला. तेथील एका मद्यालयाचे नाव त्यास मिळाले, आणि त्या मद्यालयास इसवी सन १००२ मध्ये इटलीच्या सिंहासनावर बसलेल्या आर्दुइन राजाचे. म्हणजे नामाचा हा फेरफार राजवाड्यातून गुत्त्यात व गुत्त्यातून आमच्या विहिरीवर असा बिनतक्रार मंजूर झालेला आहे. दुसरे यंत्र एनआरएफ २४ एल ०१ या नावाचे, त्याची चिप नॉर्वेतील नॉर्डिक कंपनीच्या आराखड्याची. त्यास आठ पाय असतात. निरोप घेणे आणि देणे ही दोन्ही कामे ते एकटे करते. १९२७ साली विलायतेशी बिनतारी संदेशवहन सुरू झाले तेव्हा प्रेषणकेंद्र खडकीस आणि ग्रहणकेंद्र दौंडास अशी दोन गावे त्यासाठी खर्ची पडली होती, कारण स्वतःच्याच आवाजाने कान किटू नयेत म्हणून बोलणारा आणि ऐकणारा लांब ठेवणे इष्ट. आमच्या यंत्राने ही अडचण अगदी मानवी रीतीने सोडविली आहे: ते बोलत असते तेव्हा ऐकत नाही.

जोडणी झाली. यंत्राची आतली सर्व नोंदवही पडद्यावर दाखविणारी एक आज्ञा असते. ती देताच संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक रकान्यात शून्य उमटले. पुतण्याचा चेहरा उतरला. माझा मात्र उजळला, कारण ही भाषा मला परिचित होती. तालुक्याहून जिल्ह्याला दरमहा जाणाऱ्या कित्येक विवरणपत्रांत मी स्वहस्ते 'निरंक' लिहिलेले आहे, आणि निरंक अहवालाचा अर्थ माहिती नाही असा नसून विचारणा योग्य टेबलावर पोचलीच नाही असा असतो, हे मी त्यास समजावून दिले. तपासाअंती तसेच निघाले. सिरियल जोडणीत एकाचे मुख दुसऱ्याच्या कानास जोडावयाचे असते हे त्याने पॉलिटेक्निकमध्ये शिकलेले, म्हणून येथेही त्याने मिसो आणि मोसी या दोन तारांची अदलाबदल केली होती. वस्तुतः या पद्धतीत मिसो मिसोलाच आणि मोसी मोसीलाच जोडावी लागते. तारा जागच्या जागी गेल्या आणि नोंदवही भरली.

एवढ्याने निरोप गेला असे कोणी समजू नये. या यंत्राचा एक गुण असा की, निरोप पाठविल्यावर ते पोच मागते. पोच न आल्यास तोच निरोप पंधरा वेळांपर्यंत पुन्हा धाडते, आणि तरीही पोच न आली तर प्रेषण निष्फळ झाल्याचा शेरा मारून मोकळे होते. माझ्या कारकिर्दीत एका स्मरणपत्रानंतर दुसरे धाडण्यास तिमाही लोटत असे. येथे पंधरा स्मरणपत्रे डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी संपत. आणि निष्फळतेचे कारण कोणत्याही बाजूस लिहिलेले नसते! दोन्हीकडील वाहिनीचा क्रमांक, पाच अक्षरांचा पत्ता आणि वेग यांत तिळमात्र तफावत असली, तरी दोन यंत्रे एकाच टेबलावर शेजारी बसून परस्परांस ओळख दाखवीत नाहीत. पुतण्याने सगळे ताडून पाहिले, सगळे जुळत होते, आणि तरीही शेरा तोच. मध्यंतरी ग्राहक बाजूच्या पडद्यावर काही चित्रविचित्र चिन्हे उमटली, आणि निजामशाहीतील सेतवार व त्यानंतरच्या खासरा पाहणीचे शिकस्ता उर्दूतले कागद हाताळलेला मी, ती लावण्यासाठी चष्मा पुसून बसलोही. पण तो केवळ संगणकाच्या वाचनाचा वेग आणि बोर्डाच्या लेखनाचा वेग यांतील भेद होता. वेग ११५२०० केल्यावर चिन्हांची अक्षरे झाली, आणि त्या अक्षरांतून तोच शेरा वाचावयास मिळाला.

शेवटी आम्ही बाजारपेठेतील एका वृद्ध रेडिओ-मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आर्डुइनो जन्मात पाहिलेला नव्हता आणि पाहण्याची उत्सुकताही दाखविली नाही. "सप्लाय बघितला का आधी?" एवढेच विचारले. पुतण्या म्हणाला, "बघितला की चाचा, बरोबर तीन पॉइंट तीन येऊ लागलंय." "काम करताना बघितला, का बसल्या जागी?" असे म्हणून त्यांनी आपला काट्याचा जुनाट मीटर यंत्राच्या पायांस लावला आणि निरोप पाठवीत राहण्यास सांगितले. प्रत्येक निरोपासरशी काटा खाली झुके.

मग सर्व उलगडा झाला. आमच्या बोर्डाची ३.३ व्होल्टची जी पिन आहे, तिच्यातून ५० मिलिअँपिअर एवढीच वीज मंजूर असते. आणि लांब अँटेनाचे, शक्तिवर्धक जोडलेले आमचे यंत्र बोलू लागले की त्याची मागणी ११५ च्या घरात जाते. हुकूम काढावयाचा आणि तरतूद निम्मीच ठेवावयाची, मग तामील झाली नाही म्हणून कनिष्ठास नोटीस बजावावयाची, हा प्रघात केवळ आपल्याच राज्यकारभारात आहे अशी माझी समजूत होती. सिलिकॉनमध्येही तो चालतो हे पाहून एक प्रकारचे समाधान वाटले. मिस्त्रींनी जुन्या डब्यातून ३.३ व्होल्टचा एक स्वतंत्र रेग्युलेटर काढला, आणि यंत्राच्या अगदी पायाशी दहा मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर कथलाने चिकटविला. हा कपॅसिटर म्हणजे हातखर्चाची पेशगी होय: खजिन्यातून रक्कम येईपर्यंत क्षणभराची नड भागविणारी, आणि लागलीच भरपाई करून घेणारी. रेग्युलेटर निराळ्या अडॅप्टरवर चालवावयाचा, म्हणून बोर्डाचे आणि त्याचे ग्राउंड एका तारेने जोडून घेण्यासही त्यांनी बजावले. कारण दोन मोजणीदारांनी हद्द एकाच दगडापासून मोजली नाही, तर दोन्ही नकाशे बिनचूक असूनही बांधावर डोकी फुटतात. मजुरी विचारली तर चहा मागितला.

निरोप पोचला, आणि पोचल्यावर नवीच आपत्ती उद्भवली. या यंत्रास एका खेपेस ३२ बाइटच नेता येतात, आणि देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह, कान्यामात्रेसह, तीन-तीन बाइट खाते. 'मोटार चालू' हे २८ बाइटांत सुखाने बसते. 'मोटार बंद झाली' यास ३८ लागतात, म्हणून घरी 'मोटार बंद झा' एवढेच येई, जणू मोटारीस आज्ञा देता देता कोणी विहिरीत पडला असावा. इंग्रजीत लिहावे ही पुतण्याची सूचना मी फेटाळून लावली.

ओसरीवर यश आले, शिवारात आले नाही. भोवतालच्या घरांतील वायफाय त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात नांदत होते. पावसाने भिजलेली तूर आणि कपाशी ही लहर आवडीने पिऊन टाकीत होती. आणि दीड किलोमीटरच्या मध्यावर दृष्टिरेषेच्या सभोवार जवळजवळ सात मीटर त्रिज्येची मोकळी जागा लागते, तेथे नेमके शेजाऱ्याचे लिंबाचे झाड उभे होते. झाडाविषयी शेजाऱ्याशी बोलणे करण्याइतका माझा महसुली अनुभव कच्चा नाही. तेव्हा ते यंत्र उतरवून ८६५ ते ८६७ च्या पट्ट्यातील लोरा जातीचे यंत्र आणले. त्याची साधी उभी अँटेना साडेआठ सेंटिमीटरहून किंचित लांब. आणि ती बसविल्याखेरीज त्यास बोलू देऊ नये, नाहीतर शक्ती आतल्या आत परतून चिप जायबंदी होऊ शकते. ते पाच व्होल्टची भाषा सोसत नाही, म्हणून मध्ये एक दुभाषी बोर्ड बसविला. अतिदूरच्या निरोपासाठी त्याचा वेग सेकंदास तीनशे बिटांच्याही खाली न्यावा लागतो, म्हणजे पहिल्या यंत्राच्या मंदतम चालीहूनही शेकडो पटींनी सावकाश. परंतु झाडे, पिके, ओलावा या सर्वांतून वाट काढीत त्याचा कागद इष्ट टेबलावर जातो. 'मोटार बंद झाली' हे पूर्ण वाक्य त्यात मावते. सावकाश जाऊन हमखास पोचणाऱ्या या पद्धतीविषयी मला पहिल्या दिवसापासून आपुलकी वाटली, हे सांगावयास नकोच.

एकच उणीव होती. हे यंत्र आपण होऊन पोच देत नाही. ती आज्ञावलीत स्वतंत्र लिहावी लागते. पुतण्याच्या मते तिची गरज नव्हती. मी ती लिहवून घेतली, आणि आता विहिरीकडील प्रत्येक निरोपास घरून क्रमांकासह पोच जाते. दारे धरण्यासाठी मध्यरात्री शिवारात माणूसच जातो, त्यात काही फरक पडलेला नाही. पण वीज आल्याखेरीज तो आता जात नाही.

मंठा, परतूर किंवा जिंतूर तालुक्यांत कोणास असा उद्योग आरंभावयाचा असल्यास, लांब अँटेनाची आमची दोन्ही जुनी यंत्रे सुस्थितीत असून विनामूल्य मिळतील. रेग्युलेटर आणि कपॅसिटर मात्र ज्याचे त्याने आणावेत.