पोट्टं कोन्त्या वर्गात हाय?

(रिकामा मंच. एक खुर्ची, तिच्यावर पितळी घंटा.)

मंडळी, यवतमाळच्या दत्त चौकात उभं राहून एकदा म्हणून बघा, 'आम्ही मुलाला शाळेतून काढलं.' लगेच प्रश्न: नापास झाला? फी थकली? मास्तरला मारलं? 'नाही हो, तो आता घरीच, त्याच्या मनानं शिकतो,' म्हटलं की काकाजी सायकल स्टँडवर लावतात. (वऱ्हाडी सूर) "थे समदं बराबर हाय बाप्पा. पन पोट्टं कोन्त्या वर्गात हाय?" माझं भांडण या प्रश्नाशी आहे. लेकराची शाळा एका टी.सी.नं सुटते, घरादाराची सुटत नाही. सोमवारी टी.सी. काढली की मंगळवारी घरात शाळा भरते. आई घंटा वाजवते. (घंटा.) बाप हजेरी घेतो. पटसंख्या एक! तरी ओरडतो, "गोंगाट नको!" स्वयंपाकघर बारा फुटांवर, पण डबा भरलेला. पोरगं स्वतःच्या घरात करंगळी दाखवून परवानगी मागतं. शनिवारी पालकसभा. नवरा-बायको समोरासमोर, आणि दोघंही एकमेकांना सांगतात, "तुमचं घरी लक्ष नाही."

घरी शिकवणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे: जितकी वर्षं शाळेत, तितके महिने काही शिकवू नका. म्हणजे सहावीतलं पोर सहा महिन्यांत सावरेल. छत्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या आजोबांना मात्र तीन वर्षं द्या. शाळेवाचून जमतं याला पुरावा? मुंबईची मालविका जोशी. आईनं सातवीत तिची शाळा सोडवली, स्वतः नोकरी सोडली, घरी अभ्यासक्रम आखला. त्यातला प्रोग्रामिंग हा एक विषय बाकीच्यांचे तास खात गेला. संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडची तीन पदकं आली. बारावी नाही म्हणून आयआयटीचं दार बंद. २०१६ साली एमआयटीनं घेतलं. अमेरिकेतलं, काकाजी, पुण्याचं नव्हे! "पन तिथं कोन्त्या वर्गात?" त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी, १९१६ साली, विनोबांनी आपली प्रमाणपत्रं चुलीत घातली. नंतर आपल्या शेजारी पवनारला येऊन बसले, कुणी टी.सी. मागितली नाही.

"म्हंजे समदे पोट्टे विनोबा होतीन काय?" नाही. काकाजी, इथं तुम्ही बरोबर आहात. तीन पदकांनी एवढंच ठरतं की शाळेवाचून जमू शकतं. सगळ्यांना जमतं, हे नाही. कायद्याचं म्हणाल, तर २००९ चा शिक्षण हक्क कायदा पालकांना शाळेकडेच बोट दाखवतो. दहावीला मात्र १७ नंबरचा फॉर्म आहे, मुक्त विद्यालय आहे. (थांबून, हळू) खरा आक्षेप वेगळाच आहे. आपल्या जिल्ह्यात शाळा सोडणारी पोरं थोडी, शाळा सुटणारी जास्त. कापूस वेचणी लागली, तांडा ऊसतोडीला निघाला, की बाक रिकामा. त्या लेकराला 'मोकळं शिकतंय' म्हणणं ही थट्टा झाली. मोकळं शिकायचं तर प्रश्न विचारल्यावर घरात कुणी ऐकायला असावं, चार पुस्तकं असावीत, परतायचं झालं तर वाट असावी. एवढं नसेल त्यानं पोराला काढू नये. आणि असेल त्यानं... (घंटा उचलतो) ही भंगारात द्यावी.

(काकाजी सायकलवर टांग टाकतात, पुन्हा उतरतात.) "थे समदं पटलं बाप्पा. पन एक सांगा. शाळाच नाही, तं पोट्ट्याले दिवाळीच्या सुट्ट्या कधी लागतीन?"

(घंटा हातातून पडते. अंधार.)