संगणकजलशीतनविचार : वऱ्हाडी मत

डेस्कटॉपमध्ये पाणी खेळवावे की नाही, याचा खल बहुधा गार गावात बसून झाला आहे. 1985 चा क्रे-2 महासंगणक फ्लोरिनर्ट नावाच्या द्रवात बुडवला होता, तो अमेरिकेत. पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मलाही द्रवशीतन आहे, पण ते पुणे. खामगावचा मे महिना प्रमाण धरून सिद्धांत मांडणे आता टाळता येत नाही.

पूर्वपक्ष असा. एक लिटर पाणी एका अंशाने तापताना जितकी उष्णता घेते, तितकीत सुमारे साडेतीन हजार लिटर हवा तापते. म्हणून पंप, नळ्या, रेडिएटर.

यावर उत्तरपक्ष : नळीतले पाणी हा केवळ अडत्या आहे. प्रोसेसरचा माल उचलून तो खोलीत आणून टाकतो, संपवत नाही. खोली 42 अंशांवर असेल तर रेडिएटरमधले पाणी त्याखाली उतरणे नाही. तो पराक्रम लोखंडी कुलरचा, कारण त्याच्या ताट्यांवरचे पाणी खरोखर उडून जाते. 300 वॅट खाणाऱ्या संगणकाची तासाभराची उष्णता पळवायला जेमतेम अर्धा लिटर पाणी उडाले तरी भागते, आणि वैशाखातली कोरडी हवा ते आनंदाने पिते.

आता जलमीमांसा. लोणार सरोवराचे पाणी अतिक्षारीय, सामू दहाच्या आसपास, ते बाद. 2020 च्या जूनमध्ये ते गुलाबी झाले, तेव्हा रंगीत कूलंटच्या शौकिनांना मोह पडू शकला असता. पण तो रंग सूक्ष्मजीवांचा होता, आणि नळीत जीव वाढणे हेच या शास्त्रातले महापातक. शेगाव-संग्रामपूरकडच्या खारपाणपट्ट्यातले पाणी मदरबोर्डवर गळले तर शॉर्टसर्किट ठरलेले. कुलरमध्ये ओतले तर ताट्यांवर पांढरे पापुद्रे धरतात. नळीत बॅटरीचे पाणी घालावे. कुलरच्या नशिबी मात्र जे येईल ते.

कुलरच्या झोतात कोणी बसावे, यावर मतभेद आहेत. शास्त्राधार संगणकाच्या बाजूने (दमट हवेचा आक्षेप वगळता), रूढी आजोबांच्या बाजूने. रूढी बलवत्तर.

वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर संगणक चालतो, त्याचा पंपही चालतो. कुलरला बहुतेक घरी ती जोडणी नसते. आजोबा जागे होतात आणि संगणक बंद करायला सांगतात. शीतनाचा हा प्रकार अतिशय जलद आहे, आणि त्यात गळतीही नाही.