नोंदवहीत सही करा

औरंगजेबाला अजिंक्यतारा घ्यायला चार महिन्यांहून अधिक वेढा द्यावा लागला. १७०० साली गड पडला. त्याच गडाखाली, साताऱ्यातल्या गेटबंद सोसायटीत कंदी पेढे घेऊन आलेल्या सख्ख्या मामाला आत शिरायला मात्र जेमतेम वीस मिनिटं लागतात. नाव, मोबाईल, गाडीचा नंबर. ‘कुणाकडं?’ ‘भाचीकडं.’ ‘फ्लॅट नंबर सांगा, काका.’ भाची फोन उचलत नाही, मामा उन्हात.

सांगलीत कृष्णामाई अशी थांबत नाही. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ती ५७ फुटांवर गेली आणि थेट सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिरली. सही नाही, स्टिकर नाही. सभासद बोटीतून बाहेर पडले, तेही नोंद न करता! सभेत अजून चर्चा चालते ती भाजीवालीला आत सोडावं का, याचीच.