शाल नको, माईक द्या

वहिनी, परवा माझा भाचा आला होता, दिसला असेल तुम्हाला. तोच हो, साऊंडवाल्याकडे कामाला आहे तो. येतो तेव्हा आधी पोहे खातो आणि मग माझं डोकं. या खेपेला एका अमेरिकन म्हाताऱ्याचं खूळ घेऊन आला होता. नाव काय, तर बडी गाय! मी म्हटलं, गाय बडी असो की छोटी, गिटार कशी वाजवेल रे? तर हसून हसून लोळायला लागला. आडनावच आहे म्हणे तसं. जन्म १९३६चा. म्हणजे तुमच्या अप्पांच्या आगेमागेचाच की.

या ना, मेथीची जुडी इकडेच आणा, बोलता बोलता निवडून होईल.

तर हा म्हातारा ब्लूज गातो. ब्लूज म्हणजे काय, हे मीही त्यालाच विचारलं. अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या शेतात राबणाऱ्या काळ्या माणसांचं गाणं. आधी गुलामी, ती संपली तर अर्धेलीची शेती. राबायचं यांनी, हिशेब मालकाच्या वहीत. त्या दुःखातून निघालेलं. बडी गायचे आई-बापही अशीच अर्धेली करणारे, तोही पोरवयात कापूस वेचायचा. गिटार घ्यायला पैसे कुठले? घराच्या जाळीची तार काढली, लाकडाला ताणून बांधली आणि दोन तारांचं वाद्य केलं. आईची जाळी गेली, पण पोरगं वाजवायला लागलं. आपल्या तुणतुण्याला एकच तार असते, त्यावर कित्येक शाहिरांचं आयुष्य निघालं. मग दोन तारा म्हणजे चैनच म्हणायची.

मला खरी गोष्ट आवडली ती पुढची. १९५७ साली, एकविशीत, हा शिकागोला आला. ओळख ना पाळख, खिशात पैसा नाही, पोटात अन्न नाही. तिथे मडी वॉटर्स म्हणून त्या वेळचा मोठा गायक होता. त्यानं काय करावं? गाडीत बसवलं आणि सँडविच खायला घातलं. आधी पोट, मग गाणं! पुढे १९६४ मध्ये मडी वॉटर्सची ‘फोक सिंगर’ नावाची रेकॉर्ड निघायची होती, साध्या गिटारवर, जुन्या गावाकडच्या ढंगाची. कंपनीच्या मालकाला वाटलं, मडी गावाकडून एखादा म्हातारा साथीदार शोधून आणेल. यानं उभा केला हा कोवळा पोरगा. मालक भडकला म्हणे, आणि पोरानं वाजवायला सुरुवात केल्यावर गप्प झाला. हे बडी गाय स्वतः सांगतो बरं का, त्यामुळे थोडं तिखटमीठ असेलही. पण रेकॉर्ड आहे, ती खोटी नाही.

तो आपल्याकडेही येऊन गेलाय. कुठे म्हणजे, वांद्र्याला! मेहबूब स्टुडिओत, ‘मदर इंडिया’वाल्या मेहबूब खानांच्या. २०११पासून तिथे ब्लूजचा महोत्सव भरतो, पहिल्याच वर्षी हा होता आणि नंतरही आला. २०२३च्या फेब्रुवारीत आला तेव्हा वय ८६. आणि त्याच महोत्सवात किंगफिश नावाचा एक गुबगुबीत पोरगा होता, खरं नाव क्रिस्टोन इंग्रॅम, मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलचा. वय २४. या पोराचा पहिला अल्बम २०१९ला आला, त्यात आजोबांनी स्वतः येऊन गिटार वाजवलीय. बघा, साठ वर्षांपूर्वी आपल्याला कुणीतरी जे दिलं, ते याने पुढच्याच्या हातावर ठेवलं. किंगफिशच्या आधी क्विन सलिव्हन म्हणून आठ वर्षांच्या एका गोऱ्या पोराला यानं स्टेजवर बोलावून घेतलं होतं. आठ वर्षांचा! आपल्याकडे आठव्या वर्षी पोरं टीव्हीवर जाऊन परीक्षकांकडून मार्क घेतात, आणि आया पडद्यामागे रडतात. मला ते बघवतच नाही. गाण्यात मार्क कसले?

आणि ‘सिनर्स’ सिनेमा पाहिलात का? तुमच्या धाकट्यानं पाहिला असणार. २०२५चा आहे. भुताखेतांचा, रक्त पिणाऱ्यांचा, रात्री एकटीनं बघू नका. पण त्यात १९३२ सालातला एक गिटारवाला पोरगा आहे, सॅमी. काम केलंय माइल्स केटन या नव्या मुलानं. आणि तोच सॅमी म्हातारा झाल्यावर कोण दाखवलाय? बडी गाय! एकच माणूस, दोन पिढ्यांनी मिळून उभा केलेला. मी तेवढा शेवट भाच्याकडून दोनदा लावून घेतला.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारे आणि पोरं एकदम वाजवायला बसतात तर एवढं जमतं कसं, तालमी तरी किती करत असतील? हेच मीही विचारलं. तर भाच्यानं डब्यावर ताल धरून दाखवलं. ब्लूजचा साचा बांधलेला असतो. एक ओळ गायची, तीच पुन्हा गायची, आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायचं. सगळं मिळून बारा मापांचं आवर्तन, सूर कुठे बदलायचा ते ठरलेलं. गाणाऱ्यानं ओळ टाकली की मागे जागा उरते, तिथे गिटारवाला बोलतो. शिकागोचा म्हातारा असो की कुठला शाळकरी पोरगा, हा साचा दोघांच्या अंगात असतो. त्यामुळे ‘या सुरात’ एवढं सांगितलं तरी पुरतं.

मी म्हटलं, थांब रे बाबा. हे तर मी लहानपणापासून ऐकतेय. आपल्या गायन पार्टीत काय असतं? मुखडा मुख्य गायकानं टाकायचा, मागच्यांनी उचलून धरायचा. कडवं संपलं की पुन्हा मुखडा, पुन्हा कोरस. नवा पोरगा आधी मागे बसतो, टाळी धरतो. पुढचा श्वास कुठे घेतो, शब्द कुठे लांबवतो, लोक उठायला लागले की काय करतो, हे सगळं तो पाठीमागून बघत असतो. पाठीमागून जे दिसतं ते समोरून दिसत नाही, वहिनी. मग एखाद्या रात्री पुढचा दमतो आणि हातानंच खुणावतो, घे.

आपले प्रल्हाद शिंदे असेच घडले की. मूळ मंगळवेढ्याचे, १९३३चा जन्म, आई-वडील भजन-कीर्तनात गाणारे. आणि हे शिकले कुठे? इस्माईल आझाद कव्वालांच्या पार्टीत, कोरसमध्ये! मुसलमान कव्वालाच्या पाठीमागे टाळी धरून घडलेला बौद्ध घरातला गळा, आणि ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ गाऊन साऱ्या वारकऱ्यांच्या घरात जाऊन बसला. आषाढीला अप्पा सकाळपासून तेच लावतात ना? कुंपणापलीकडून आमचीही एकादशी त्यावरच होते. आणि भीमगीतं, कव्वाल्या निराळ्याच. एवढा माणूस राहायला कुठे, तर कल्याणला. कोनगावच्या पुढे दुर्गाडीचा पूल ओलांडला की आलंच. आम्ही लोक मात्र कौतुक करायला शिकागोला जातो.

त्यांची मुलं आनंद आणि मिलिंद. कॅसेटचा जमाना आठवतोय? ‘नवीन पोपट हा’ लागला नाही अशी एक तरी वरात भिवंडीत निघाली असेल का! नाकं मुरडणारे तेव्हाही होतेच, त्यातले निम्मे वरातीत सगळ्यात पुढे नाचत होते. मग आनंद शिंद्यांचा मुलगा आदर्श. तो सुरेश वाडकरांकडे शिकला, सिनेमात गेला. पण घरची गायकी सोडली नाही. २०१६च्या ‘पोश्टर गर्ल’मधलं ते डीजेचा आवाज वाढवायचं गाणं बापलेकांनी मिळून गायलंय. भाऊ उत्कर्ष तर डॉक्टर, तरीही गाण्यातच. आजोबांच्या आई-वडिलांपासून मोजलं तर चौथी पिढी झाली.

बापाचा आवाज रांगडा, मुलाचा घोटलेला, आणि तरी एकाच गाण्यात दोघे एकमेकांना खात नाहीत. भाचा म्हणाला, मिक्सरवर असे दोन आवाज बसवणं सोपं नसतं, कुणीतरी एकानं मागे सरावं लागतं. त्याचं उदाहरणही त्यानंच दिलं. ब्लूजवाले बी. बी. किंग आणि एरिक क्लॅप्टन यांनी २००० साली एकत्र अल्बम केला, ‘रायडिंग विथ द किंग’. किंग ७४चा, क्लॅप्टन ५५चा. कव्हर दाखवलं त्यानं मला. गाडी क्लॅप्टन चालवतोय आणि किंग ऐटीत मागच्या सीटवर. क्लॅप्टन काही लहान नाव नाही हो, जगभर स्टेडियमं भरवणारा माणूस. पण तिथे ड्रायव्हर झाला. असं पाहिजे.

आणि ब्लूजच म्हणाल, तर आपल्या गल्लीतले लूमवरचे कारागीरही काही कमी नाहीत. जौनपूर-आझमगढकडची माणसं, घर तिकडे, खटखट इकडे. सुट्टीच्या दिवशी मोबाईलवर बिरहा लावतात. विरहाचं गाणं! घरापासून तुटलेल्या माणसाचं. भाच्यानं ऐकलं आणि म्हणाला, मावशी, हा तर तुमच्या भिवंडीचा ब्लूज. मी म्हटलं, उशिरा का होईना, कळलं तुला.

बरं, आता मुद्द्याचं. तुमचे हे मंडळात आहेत म्हणून सांगते. यंदा चौदा एप्रिलला नाक्यावर जुन्या शाहिरांचा सत्कार ठरलाय असं ऐकलं. चांगलं आहे. पण मागे एकदा असाच सत्कार झाला होता, त्याला मी होते. एप्रिलातला उकाडा, आणि त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याच्या अंगावर लोकरीची शाल घातली. मांडीवर नारळ दिला, प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. दोन नगरसेवक बोलले, एक होऊ घातलेला बोलला. मग म्हाताऱ्याला खाली उतरवलं आणि पोरांचा ऑर्केस्ट्रा सुरू झाला. मी शेजारीच बसले होते. ढोलकी सुरू झाली तशी त्याची बोटं नारळावर चालायला लागली. प्रत्येक सम बरोबर घेत होता. ज्याला ऐकायला लोक जमले होते त्याचं गाणं फक्त त्या नारळानं आणि मी ऐकलं.

हे सत्काराचं खूळ आपल्याकडचंच आहे. माणूस म्हातारा झाला की त्याला खुर्ची देतो आणि माईक काढून घेतो. उलट शाहीर विठ्ठल उमप बघा. २०१०च्या नोव्हेंबरात नागपूरला कार्यक्रमातच, मंचावर कोसळले आणि गेले. एकोणऐंशी वर्षांचे. शेवटपर्यंत उभे होते, आणि मुलगा नंदेश गाणारा तयार करून गेले. वामनदादा कर्डक, सिन्नरकडच्या देशवंडीचे, आयुष्यभर गावोगाव लिहीत-गात हिंडले. त्यांची गाणी गायली नाहीत अशी पार्टी सापडायची नाही. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे, दोघेही २००४च्या मे-जूनमध्ये, महिनाभराच्या अंतरानं गेले. त्यांच्या मागे टाळी धरलेली माणसं आज साठी-सत्तरीची आहेत. ती अजून गाऊ शकतात. किती वर्षं, ते मोजत बसण्यात अर्थ नाही.

आणि पोरांनाही काही वावगं वाटणार नाही. तुमचा धाकटा गिटार घेऊन बसतो ना गच्चीवर, त्याला म्हणावं, ये, मागे बस, शाहिरांनी ओळ टाकली की मधल्या जागेत वाजव. सूर कुठला ते तेच सांगतील. चुकला तर चुकला, नाक्यावरचे लोक काय परीक्षक आहेत? फक्त आवाज मोठा ठेवू नकोस म्हणावं. ते काम भाचा बघेल, मिक्सरवर तोच बसेल, फुकट. मी शब्द घेतलाय त्याच्याकडून, पोह्यांवर.

तेव्हा आज बैठकीत ह्यांना एवढंच बोलायला सांगा: शाल आणि नारळ रद्द करा, ते पैसे ढोलकीवाल्याला द्या, आणि शाहिरांना गायला निदान अर्धा तास ठेवा. भाषणाआधी हं, नंतर नको. नंतर लोक उठून जातात.