घुम्या जोडीदाराची निगा आणि दुरुस्ती

जोडीदार खरोखरच गप्प झाला आहे का, याची आधी खात्री करून घ्यावी. मराठी घरात ही तपासणी किचकट असते. लग्नाला आठ-दहा वर्षं झाली की एरवीही 'दूध आलं का', 'गॅसचा नंबर लावला का' आणि 'किल्ली घेतलीस ना' यापलीकडे संभाषण फारसं उरत नाही, आणि तेवढं तर कडक अबोल्यातही चालूच राहतं. म्हणून कान चहाच्या कपाकडे लावावेत. रागावलेलं माणूस कप आपटतं. कप आपटला की निश्चिंत व्हावं, संध्याकाळपर्यंत भांडण होऊन मोकळे व्हाल. कप टीपॉयवर अलगद ठेवला गेला, त्याखाली बशी आली आणि वर 'साखर बरोबर आहे ना?' असं पाहुण्याला विचारावं तसं विचारलं गेलं, तर प्रकरण गंभीर आहे.

निदान पक्कं झालं की 'काय झालंय?' असं विचारावं. 'काही नाही' असं उत्तर येईल. दहा मिनिटांनी पुन्हा विचारावं. मग भाजी निवडताना, मग दिवा मालवल्यावर. या पद्धतीचा अँड्र्यू ख्रिस्टेन्सन आणि ख्रिस्तोफर हेवी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी अभ्यास केला असून तो १९९० साली प्रसिद्ध झाला. एक मागे लागतो, दुसरा मागे सरतो. दुसरा सरतो म्हणून पहिला आणखी लागतो. मागे लागणारी बहुधा बायको आणि सरणारा बहुधा नवरा, असंही त्यांना दिसलं. ते याला बिघाड समजतात. आपण याला काळजी म्हणतो.

जॉन गॉटमन नावाच्या दुसऱ्या एका संशोधकाने तर भांडणाऱ्या जोडप्यांच्या अंगाला यंत्रं लावून पाहिलं. भिंतीसारखा ढिम्म बसलेला माणूस आतून ढिम्म नसतो, त्याची नाडी बऱ्याचदा मिनिटाला शंभराच्या पुढे गेलेली असते. अशा वेळी विषय थांबवून निदान वीस मिनिटं वेगळं बसावं, असं ते सुचवतात. सूचना उत्तम आहे. फक्त वन बीएचकेत वीस मिनिटं वेगळं बसायला एकच खोली असते, आणि तिथे पाचव्या मिनिटाला बाहेरून सासूबाई विचारतात, "पोट बरं आहे ना रे?"

यानंतर पुरावे गोळा करावेत. व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा २०१४ च्या नोव्हेंबरात आल्या. त्याआधी संशय कशाच्या आधारावर घेत असत, देव जाणे. रात्री दोन वाजता 'लास्ट सीन' दिसल्यास पहाटेपर्यंत एक पूर्ण कादंबरी रचावी. तो माणूस नोकरी जाईल या धास्तीने जागा असेल, ही शक्यता मुळीच विचारात घेऊ नये. कारण आपणच आहोत, ही खात्री एकदा झाली की तपास सोपा जातो.

मग मध्यस्थ नेमावा. घरातलं मूल सगळ्यात स्वस्त पडतं. बाबा दोन हातांवर बसलेले असताना "बाबांना सांग, पान वाढलंय" म्हणायचं, आणि बाबांनी "आईला सांग, भूक नाही" म्हणायचं. सात वर्षांचं पोर दोघांच्या मध्ये उभं राहून निरोप शब्दशः पोचवतं, आवाजसुद्धा काढतं. आपण हसतो. त्याला हसू येत नसतं, पण ते आपल्याला फार उशिरा दिसतं. मूल दमलं तर मावशींना फोन लावावा. मावशी कोणालाही सांगत नाहीत, असं सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे.

समजूत काढायला निघालेल्याने वाटेत कुठेही थांबू नये. राधेवरून रुसून रुक्मिणी द्वारकेहून दिंडीरवनात आली आणि तिच्या शोधात देव निघाले, अशी पंढरपूरची कथा आहे. वाटेत पुंडलिकाकडे डोकावले. तो आईबापांच्या सेवेत. त्याने वीट भिरकावली, देव तिच्यावर उभे राहिले, ते अजून उभेच आहेत. रखुमाईचं देऊळ त्याच आवारात, पण वेगळं. 'जाता जाता मित्राकडे पाच मिनिटं' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

एक कलम मात्र गमतीचं नाही. दोन आठवडे झोप उडाली आहे, जेवण सुटलंय, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्यात, असं दिसलं तर रुसवा समजून वाट पाहू नये. डॉक्टरांकडे न्यावं, किंवा सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ वर फोन करावा. तिथे मराठीत बोलता येतं.

एरवी, सगळे उपाय थकल्यावर आणि आपणही विचारायचं सोडून शेजारी नुसते मटार सोलत बसल्यावर, केव्हातरी जोडीदार बोलतो. कारण अनपेक्षित निघतं. "बाबांच्या वर्षश्राद्धाला सगळे जेवत होते आणि तू क्रिकेटचा स्कोअर बघत होतास." गोष्ट मार्चमधली, आज सप्टेंबर. या क्षणी 'एवढंच?' हा शब्द जिभेवर येतो. तो गिळावा. 'तेव्हाच का नाही सांगितलंस?' हाही त्याचाच सख्खा भाऊ, तोही गिळावा. मटार सोलत राहावं आणि ऐकावं. मावशींना मात्र लगेच कळवायला जाऊ नये. त्यांना एप्रिलपासून माहीत आहे.