हक्क अबाधित राखून

तात्यांची इंचभरही जमीन महामार्गात गेली नाही, हे त्यांचं खरं दुःख. मुंबई-गोवा रस्ता चौपदरी झाला तेव्हा शेजारच्या भाऊबंदाचा पडीक कातळ संपादनात गेला. त्याने पैसे उचलले, गाडी घेतली आणि तात्यांना ओटीवरून दिसेल अशी लावली. तात्यांना मिळाला तो बेड्यासमोर दोन पुरुष उंचीचा भराव. वर क्रॅश बॅरिअर, खाली गटार, आणि बेड्यातून थेट रस्त्याला लागणारी वाट गडप.

दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता. तात्या उजळले. भाऊबंदांवरच्या दाव्यांना हल्ली पूर्वीची चव राहिली नव्हती. निम्मे प्रतिवादी वारले होते. हा नवा प्रतिवादी मरणारा नव्हता.

आधी त्यांनी मामलेदार कोर्ट अ‍ॅक्ट १९०६, कलम ५ खाली रस्ता अडवल्याचा अर्ज ठोकला, सहा महिन्यांची मुदत सांभाळून. हा शेताचा बांध नव्हे, महामार्ग आहे, असं तहसीलदारांनी परोपरीने सांगितलं. तात्या म्हणाले, "लेखी द्या." कागद मिळाला तेव्हा त्यांचा चेहरा बारशाच्या घुगऱ्या मिळाल्यासारखा झाला होता.

मग प्रांत. राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६, कलम ३जी. संपादनात कुणाचा वहिवाटीचा हक्क बुडाला, तर त्या जमिनीच्या ठरलेल्या रकमेच्या १० टक्के त्याला मिळतात. तात्यांनी हे मला वाचून दाखवलं आणि मधेच गप्प झाले. वाट जात होती भाऊबंदाच्या कातळावरून. आणि तो कातळ भाऊबंदाचा नसून आपलाच आहे, असा तात्यांचा दावा कोर्टात पडून होता. स्वतःच्या जमिनीवर वहिवाट कसली मागणार? १० टक्के हवे, तर कातळ त्याचा म्हणा. कातळ हवा, तर १० टक्के सोडा. त्या रात्री तात्या जेवले नाहीत. सकाळी मात्र प्रसन्न. "विकल्पेकरून मागायचं रे! कातळ माझाच, आणि कोर्टाला तसं न वाटलं, तर वाट माझी."

मग सरकारला कलम ८० ची नोटीस, दोन महिन्यांची. नुकसानभरपाईच्या यादीत आंब्याच्या पेट्यांची हमाली होती, गुडघ्याचं तेल होतं, आणि 'येणाऱ्या-जाणाऱ्यांची संख्या घटल्याने झालेला मानसिक त्रास' होता. हे शेवटचं कलम मला पटलं नाही. तात्यांकडे आधीही फारसं कुणी जात नसे.

दरम्यान २००२ चा महामार्ग नियंत्रण कायदा त्यांच्या हाती लागला. त्यात परवानगीवाचून वाहनाने किंवा पाच वा अधिक माणसांच्या गटाने पायी महामार्गावर येण्याचा हक्क कुणाला नाही. झालं! चतुर्थीला गणपती चौघांनीच आणला. भटजींना पलीकडच्या वळणावर थांबवून ठेवलं होतं; ते मागाहून, सुटे आले.

आणि एके दिवशी घात झाला. कंत्राटदाराची माणसं आली आणि त्यांनी दुपारपर्यंत बेड्यापासून सर्व्हिस रोडपर्यंत मुरुमाचा छानसा उतार घालून दिला. काकू सुटल्यासारख्या हसल्या. तात्या ओटीवर मटकन बसले. "अगं, दाव्याला कारणच उरलं नाही, म्हणतील!"

तेव्हापासून बेड्याला दोरीने एक वही टांगलेली असते. वर छापील मजकूर: 'सदर उतार तात्पुरता असून मूळ वाट व तिच्याखालील जमीन तात्यांची आहे हे मान्य करून, त्यांचे सर्व हक्क अबाधित राखून, वापरत आहे.' खाली सही, तारीख, वेळ. पोस्टमन करतो, दूधवाला करतो, काकूही करतात. जावईबापू अडून बसले, तर त्यांना गटारावरच्या फळीवरून आणलं.

परवा तो भाऊबंद मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. चष्मा गाडीत राहिला होता, त्यामुळे त्याने न वाचताच सही ठोकली. तात्यांनी त्याला आग्रहाने चहा पाजला, बेड्यापर्यंत सोडायला गेले, आणि तसेच पायात चपला होत्या तोवर वही घेऊन वकिलाकडे निघाले.