दोऱ्याने मोजलेलं बंगळूर

भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला नकाशा दिसला की हात शिवशिवतात. परवा भालकीच्या घरी नातीचा ॲटलास हाती लागला. बायकोच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला आणि बिदरवर एक टोक दाबून बसलो. बंगळूर नाकासमोर दक्षिणेला, दोन्ही गावं साधारण साडेसत्त्याहत्तर रेखांशावर. अंतर भरलं ५४५ किलोमीटर. मग दोरा मुंबईकडे वळवला. ५१०!

"म्हणजे मुंबईच जवळ की," ही म्हणाली. "मग विमान बंगळूरलाच का जातंय?"

"विमानाला कन्नड येतं," मी म्हणालो.

थट्टा म्हणून बोललो, पण तसं खोटं नाही. १९५६ साली बिदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर मुंबईकडे गेलं, भालकी-औराद बंगळूरकडे आलं. तेव्हापासून आमचे सोयरे एका राजधानीकडे आणि कागदपत्रं दुसरीकडे. आमच्या घरातही मुलगा बंगळूरला, मुलगी पुण्याला.

विमानं आम्हाला नवी नाहीत म्हणा. बिदरला हवाई दलाच्या वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं, सूर्यकिरणची विमानंही इथलीच. माझी अर्धी नोकरी "खिडकीबाहेर नाही, फळ्याकडे बघा" म्हणण्यात गेली. पण डोक्यावरून जाणाऱ्या विमानात आपण बसायचं, हे २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत सुचलं नव्हतं. तेव्हा बंगळूरची सेवा सुरू झाली. पुढे ती आमच्याकडच्या पावसासारखीच वागली, कधी आहे, कधी नाही.

ती 'आहे' असताना आम्ही एकदा गेलो. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, सव्वा तासात येताय की!" त्या सव्वा तासासाठी आदल्या दिवशी तूरडाळ, कडक भाकरी आणि कारळ्याची चटणी किराणा दुकानाच्या काट्यावर चढली. पंधरा किलोच्या वर दीड किलो भरली. डाळ काढायची की माझी पुस्तकं, यावर चर्चा झाली नाही. पुस्तकं घरी राहिली. सकाळी भालकी-बिदर बसला तास, चिद्रीच्या विमानतळापर्यंत रिक्षा, मग दोन तास खुर्चीत. उतरल्यावर मुलाच्या घरापर्यंत टॅक्सीत अडीच तास. त्यातला अर्धा तास तर एकाच सिग्नलपाशी. त्या अडीच तासांत विमान बिदरला जाऊन परत आलं असतं.

हिचा हिशोब मात्र निराळा. पुण्याला जाताना पहाटे भिगवणच्या अलीकडे भीमा आली की ही गाडीच्या खिडकीतून नाणं टाकते. विमानातही मुठीत रुपया धरून बसली होती.

"कृष्णा आली की सांगा."

"खिडकी उघडत नाही गं."

"सांगा तर."

खाली सगळा ढगच होता. रायचूर कधी गेलं ते भूगोलाच्या मास्तरालाही कळलं नाही. तुंगभद्राही तशीच गेली. चाकं टेकल्यावर हिने तो रुपया पदराच्या टोकाला बांधला. परतीची तिकिटं आम्ही रेल्वेची काढली.